घड्याळ भिंतीवर, निर्णय अंपायरचा: बेसबॉलचा सामना रेंगाळत का नाही?

आजचा भाग बेसबॉलवर आहे. पण होम रन, मोठे करार, मोठे खेळाडू हे सगळं बाजूला ठेवू. आज बोलायचंय अंपायरबद्दल. म्हणजे वर्तमानपत्रातल्या मराठीत ज्याला आपण पंच म्हणतो त्याच्याबद्दल. खेळ रेंगाळू नये म्हणून हा माणूस नेमकं काय करतो, आणि आधी त्याला ते का जमत नव्हतं?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळले ती वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.

सुरुवात दोन आकड्यांपासून करते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२१ साली नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास १० मिनिटं चालायचा. २०२३ मध्ये तोच सामना सरासरी २ तास ४० मिनिटांत संपायला लागला. इनिंग नऊच, खेळाडू नऊच, मैदान तेवढंच. मग अर्धा तास गेला कुठे?

कुणीही तुम्हाला एका शब्दात उत्तर देईल: पिच क्लॉक. २०२३ मध्ये मैदानात घड्याळ आलं आणि खेळ वेगवान झाला. हे खरं आहे, पण अर्धंच. कारण पिचरने किती सेकंदांत बॉल टाकावा याचा नियम त्याआधीही पुस्तकात होता. शिक्षा होती. ती देण्याचा अधिकारही अंपायरकडे होता. तरी सामने लांबतच गेले. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त रस आहे तो इथेच.

ज्यांनी बेसबॉल बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी

पटकन सांगते. मधल्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, पिचर उभा असतो. तो बॉल टाकतो, समोरचा बॅटर मारायचा प्रयत्न करतो. बॅटरच्या मागे कॅचर बसलेला असतो आणि कॅचरच्या मागे वाकून उभा असतो होम प्लेटचा अंपायर. बाकीचे तीन अंपायर तीन बेसजवळ.

चांगला टाकलेला बॉल बॅटरने सोडला, किंवा मारायला गेला आणि चुकला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे आउट. बाहेर टाकलेला चेंडू बॅटरने सोडला तर त्याला म्हणतात ‘बॉल’. असे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, याला वॉक म्हणतात. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्या शिक्षा याच दोन नाण्यांत आहेत: पिचरने उशीर केला तर एक ‘बॉल’, बॅटरने उशीर केला तर एक स्ट्राइक.

वेळ कुठे जात होता?

बॉल हवेत असतो तो वेळ अगदी कमी. वेळ जातो दोन पिचच्या मध्ये. पिचर माउंडवरून खाली उतरतो, टोपी नीट करतो, हातात माती घोळवतो, कॅचरच्या खुणा नाकारतो. बॅटर खोक्याच्या बाहेर येतो, ग्लोव्हज सोडतो, परत बांधतो, दोनदा बॅट फिरवतो, मग आत येतो. १९७० आणि ८० च्या दशकात खेळलेला माइक हारग्रोव्ह यासाठी इतका प्रसिद्ध होता की त्याचं टोपणनावच पडलं होतं ‘ह्यूमन रेन डिले’. म्हणजे पावसामुळे नाही, या एका माणसामुळे खेळ थांबलाय!

पण हारग्रोव्ह त्या काळी अपवाद होता म्हणून त्याला नाव पडलं. नंतर हळूहळू सगळेच थोडे थोडे हारग्रोव्ह झाले. आणि यात कुणी आळशी नव्हतं. पिचरला प्रत्येक बॉल जीव खाऊन टाकायचा असतो, मध्ये दहा सेकंद जास्त मिळाले तर हाताला विश्रांती. बॅटरला पिचरची लय मोडायची असते. दोघांनाही उशीर करण्यात आपापला फायदा दिसतो. तोटा होतो तो बघणाऱ्याचा.

आता साधा हिशोब करा. एका सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण ३०० पिच होतात. प्रत्येक पिचमागे फक्त ५ सेकंद वाढले तर १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. एका पिचच्या वेळी ते पाच सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हीच तर मेख आहे. उशीर हा कधीच एका जागी सापडत नाही, तो सगळीकडे थोडा थोडा सांडलेला असतो.

नियम होता, अधिकार होता, मग अडलं कुठे?

जुन्या नियमात असं होतं: बेसवर कुणी नसेल तर पिचरने हातात बॉल आल्यापासून १२ सेकंदांत तो टाकायचा. २००७ पूर्वी ही मुदत २० सेकंदांची होती. उशीर झाला तर अंपायरने ‘बॉल’ द्यायचा. अगदी स्पष्ट.

प्रत्यक्षात हा ‘बॉल’ जवळपास कधीच दिला जात नसे.

जरा अंपायरच्या जागी उभं राहून बघा. तुमच्याकडे ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने बॉल येतोय आणि तो चौकटीत होता की नव्हता हे तुम्हाला क्षणात ठरवायचंय. त्यात मनातल्या मनात सेकंदही मोजायचे. समजा मोजले. तेरावा सेकंद झाला. तुम्ही ‘बॉल’ दिलात. आता पिचर तुमच्याकडे बघणार, त्याचा मॅनेजर डगआउटमधून ओरडत बाहेर येणार, तीस हजार माणसं आरडाओरडा करणार. विचारणार, काल तर नाही दिलास? समोरच्या संघाच्या पिचरला नाही दिलास? आणि तुमच्याकडे पुरावा काय, तर तुमच्या डोक्यातली मोजणी. वर या वादात आणखी तीन मिनिटं गेली. पाच सेकंद वाचवायला तीन मिनिटं घालवली!

म्हणून शहाणा अंपायर काय करायचा? दुर्लक्ष. किंवा तोंडी सूचना: चला, आटपा. कधी बॅटरने वेळ मागितली तर नकार द्यायचा. २०१० च्या एप्रिलमध्ये ज्येष्ठ अंपायर जो वेस्ट यांनी न्यूयॉर्क यँकीज आणि बोस्टन रेड सॉक्स यांच्या संथ खेळावर जाहीरपणे कडक टीका केली. परिणाम? यँकीजचा दिग्गज पिचर मारियानो रिव्हेराने उलट सुनावलं की त्यांना कुठे जायची घाई असेल तर त्यांनी दुसरं काम बघावं. म्हणजे अंपायरने वेळेबद्दल बोलणं ही त्याची वैयक्तिक कुरकुर ठरली. जणू त्यालाच घरी लवकर जायचंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथे हे रोज दिसतं. तुमच्या कोडची मांडणी चुकली आहे असं शेजारच्या सहकाऱ्याने सांगितलं की नाक मुरडलं जातं, वाद होतो. तीच चूक आपोआप चालणाऱ्या तपासणीने लाल रंगात दाखवली की आपण मुकाट्याने दुरुस्त करतो. नियम तोच. फक्त सांगणारा माणूस नसल्यामुळे त्यात मान-अपमान येत नाही.

बेसबॉलने २०२३ मध्ये जे केलं ते नेमकं हेच. अंपायरला नवा अधिकार दिला असं नाही. त्याच्या डोक्यातली मोजणी काढून सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लावली.

घड्याळ चालतं कसं

हे एका रात्रीत आलं नाही. २०१५ पासून खालच्या दर्जाच्या काही लीगमध्ये २० सेकंदांच्या घड्याळाचे प्रयोग सुरू होते. २०२२ मध्ये मायनर लीगमध्ये ते सर्रास वापरलं आणि तिथे सामने साधारण २५ मिनिटांनी आटोपशीर झाले. मग मोठ्या लीगमध्ये आणलं.

नियम असे. बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद. बेसवर खेळाडू असेल तर २०२३ मध्ये २० सेकंद होते, २०२४ पासून १८. शून्य व्हायच्या आत बॉल हातातून सुटलाच पाहिजे असं नाही, पण टाकण्याची हालचाल सुरू झालेली हवी. कॅचर ९ सेकंद उरले असताना आपल्या जागी हवा. बॅटर ८ सेकंद उरले असताना खोक्यात उभा आणि पिचरकडे लक्ष देऊन तयार हवा. एक बॅटर गेला आणि दुसरा आला तर मध्ये ३० सेकंद.

बॅटरला प्रत्येक पाळीत एकदाच वेळ मागता येतो. पिचरला बेसवरच्या खेळाडूला पकडण्यासाठी बॉल फेकण्याची किंवा माउंडवरून पाय काढण्याची मुभा दोनदा. तिसऱ्यांदा केलं आणि तो खेळाडू आउट झाला नाही, तर ‘बॉक’ म्हणजे बेसवरचे सगळे एक बेस पुढे.

ही दोनची मर्यादा का? कारण ती नसती तर पिचरने घड्याळ संपत आलं की पाय काढला असता, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. परत संपत आलं, परत पाय काढला. घड्याळाला अर्थच उरला नसता. या एका मर्यादेचा एक जोडपरिणामही झाला. बेस चोरणं सोपं झालं. त्याच वर्षी बेसचा आकारही १५ इंचांवरून १८ इंच केला होता. दोन्ही मिळून, २०२२ मध्ये लीगभर २४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३५०३. म्हणजे मृत वेळ कमी झाला आणि पळापळ वाढली. प्रेक्षकाला दुहेरी फायदा.

मग अंपायर काय करतो?

इथे एक गैरसमज होतो, की आता सगळं यंत्रच करतं. नाही. घड्याळ चालवायला एक वेगळा माणूस असतो, त्याला फील्ड टायमिंग कोऑर्डिनेटर म्हणतात. पण घड्याळ कधी सुरू व्हावं, कधी थांबावं, कधी परत लावावं यावर शेवटचा शब्द अंपायरचा. अंपायरच्या अंगावर थरथरणारं छोटं यंत्र असतं, त्यामुळे त्याला सारखं मान वळवून आकडे बघावे लागत नाहीत. उल्लंघन झालं की तो खेळ थांबवतो, मनगटाकडे खूण करतो आणि कुणाची चूक ते दाखवतो.

पण खरं कौशल्य आहे ते शिक्षा न देण्यात. बघा, नियमातच म्हटलंय की खास परिस्थितीत अंपायर जादा वेळ देऊ शकतो. उदाहरणार्थ, आधीच्या अर्ध्या इनिंगमध्ये कॅचर स्वतः बेसवर पळत होता आणि तिथेच इनिंग संपली. आता त्याला पॅड, छातीचं कवच, मुखवटा हे सगळं चढवायचंय. घड्याळ तर सुरू होणार. अंपायर त्याला वेळ देतो. बॅटरने इतक्या जोरात बॅट फिरवली की तो तोल जाऊन खोक्याबाहेर गेला, तर त्याला सावरायला वेळ. पिचर आणि कॅचर खुणा देण्यासाठी पिचकॉम नावाचं बटणांचं यंत्र वापरतात, ते बिघडलं तर वेळ. २०२३ चा हंगाम सुरू होऊन आठवडाभर झाला नाही तोच लीगने अशा प्रसंगांबद्दल अंपायरांना आणि संघांना खुलासा पाठवला होता. कारण नियम लिहिताना सुचलं नव्हतं ते मैदानात पहिल्या आठवड्यातच समोर आलं.

आणि ‘बॅटर पिचरकडे लक्ष देऊन तयार’ याचा अर्थ तरी काय? खोक्यात उभा आहे पण मान खाली आहे, तर तयार की नाही? हे घड्याळ सांगू शकत नाही. ते फक्त आठ आकडा दाखवतं. बाकी अंपायर.

तीन प्रसंग

पहिला. २५ फेब्रुवारी २०२३. हंगामाआधीचा सराव सामना, फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्टमध्ये, अटलांटा ब्रेव्ह्ज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. गुण ६-६. नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. याहून ताणलेला क्षण बेसबॉलमध्ये नसतो. एक बॉल आणखी, तर ब्रेव्ह्ज जिंकले. अंपायरने खेळ थांबवला आणि मनगटाकडे खूण केली. बॅटर कॅल कॉन्लीला वाटलं पिचरने उशीर केला, म्हणजे चौथा बॉल, म्हणजे विजय. तो पहिल्या बेसकडे निघालासुद्धा. पण चूक त्याचीच धरली होती. आठ सेकंद उरले तेव्हा तो तयार नव्हता. तिसरा स्ट्राइक, आउट, सामना बरोबरीत संपला.

प्रचंड गदारोळ झाला. असाच वर्ल्ड सिरीजचा शेवट झाला तर? पण मला वाटतं, अंपायरने त्या दिवशी केलं ते योग्यच होतं. सराव सामना हा सवय लावण्यासाठीच असतो. नाजूक क्षणी सूट मिळते असं एकदा दिसलं असतं, तर प्रत्येकाने आपला क्षण नाजूक ठरवला असता.

दुसरा प्रसंग उलट्या बाजूचा. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्क मेट्सचा अनुभवी पिचर मॅक्स शर्झर सराव सामन्यात घड्याळाचा हत्यार म्हणून वापर करून बघत होता. बॅटरने वेळ मागितला, मग परत आला, आणि तो पूर्ण सज्ज होतोय न होतोय तोच शर्झरने बॉल टाकला. अंपायरने ‘बॉक’ दिला. शर्झरचं म्हणणं, मला तर खेळ सुरू झाल्याचा हिरवा कंदील मिळाला होता. पण अंपायरने सांगितलेली गोष्ट महत्त्वाची आहे: वेग सांभाळणं म्हणजे नुसतं ‘लवकर करा’ नव्हे. समोरच्याला तयार होण्याआधी गाठणं हाही वेगाचा गैरवापर, आणि ताशी दीडशेचा बॉल असेल तर धोक्याचाही.

तिसरा प्रसंग मनाला लागणारा. एप्रिल २०२३, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. कोडी बेलिंजर अनेक वर्षं डॉजर्सकडून खेळला, २०१९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि आता शिकागो कब्जकडून पहिल्यांदाच जुन्या मैदानावर आला होता. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो हेल्मेट काढून त्यांना प्रतिसाद देत होता. आणि घड्याळ संपलं. त्याच्या नावावर एक स्ट्राइक.

नियमाने चूक नाही. पण बघणाऱ्या कुणालाही खटकलं. हीच ती जागा आहे जिथे अंपायरच्या विवेकाला मोल आहे. घड्याळाला टाळ्या ऐकू येत नाहीत.

पळवाटा आणि त्यांवरचे उपाय

कुठलाही नियम आला की खेळाडू त्याच्या कडा चाचपडून बघतात. आपण सगळेच बघतो. फाउल बॉलनंतर घड्याळ सुरू होण्यासाठी पिचर माउंडवर असणं आवश्यक होतं. मग काही पिचर काय करायचे? माउंडच्या कडेने नुसते फिरत राहायचे. पाय आत टाकायचाच नाही. घड्याळ सुरूच होत नाही, विश्रांती मिळते! २०२४ मध्ये ही अट काढली. पिचरच्या हातात बॉल आला आणि खेळ सुरू होण्यासारखा असला की घड्याळ सुरू, मग तो कुठेही फिरत असो.

माउंडवरच्या चर्चांचंही तसंच. कॅचर किंवा कोच पिचरपाशी जाऊन कुजबुजतात, तोंडावर ग्लोव्ह धरून. २०१८ मध्ये सामन्यामागे सहा अशा भेटींची मर्यादा आली, २०१९ मध्ये पाच झाल्या, २०२४ मध्ये चार. कोच गेला की ३० सेकंद. आणि ही भेट मोडायला कोण जातं? तोच प्लेट अंपायर. तो सावकाश चालत माउंडपाशी येतो. काही बोलावं लागतंच असं नाही. तो आला म्हणजे गप्पा संपल्या. शाळेत वर्गाबाहेर घोळका करून उभे असताना लांबून सर येताना दिसले की काय व्हायचं, तसंच.

एक खूप जुनी पद्धत सांगते, मला फार आवडते. कधी बॉल बॅटला चाटून कॅचरच्या हाताला नाहीतर खांद्याला जोरात लागतो. कॅचर कळवळतो, पण दुखतंय असं दाखवायला त्याला लाज वाटते. अशा वेळी अंपायर खिशातून छोटा ब्रश काढतो, होम प्लेटच्या पुढे येतो आणि प्लेट झाडायला लागतो. प्लेट बऱ्याचदा स्वच्छच असते! ते झाडणं असतं कॅचरला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आणि अंपायरलाच बॉल लागला तर कॅचर उगाचच पिचरशी बोलायला माउंडवर जातो. परतफेड. म्हणजे वेग सांभाळणारा माणूस हाच गरज असेल तेव्हा खेळ हळू करणाराही असतो. ही दोन वेगळी कामं नाहीत, एकच आहे.

आपल्या क्रिकेटमध्ये काय होतं?

आता तुम्ही म्हणाल, क्रिकेटमध्ये पण हे आलंय की. आलंय, आणि त्याचा एक सुंदर दाखला आहे. १२ जून २०२४, न्यूयॉर्क, टी-२० विश्वचषक, भारत विरुद्ध अमेरिका. मुंबईत वाढलेला, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असलेला सौरभ नेत्रवळकर अमेरिकेकडून खेळत होता आणि त्याने कोहली आणि रोहित दोघांनाही बाद केलं होतं. भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या, खेळपट्टी अवघड होती. आणि अंपायरने अमेरिकेला ५ धावांचा दंड केला. कारण एक षटक संपल्यावर ६० सेकंदांत पुढचं सुरू करायचं असा ‘स्टॉप क्लॉक’चा नियम, आणि अमेरिकेने तो तिसऱ्यांदा मोडला होता. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा दंड. ३५ च्या ३० झाल्या. भारत सात गडी राखून जिंकला. बेसबॉलच्या देशाचा संघ, स्वतःच्याच घरी, घड्याळाने पकडला!

याउलट अँजेलो मॅथ्यूजचं आठवा. ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली. हेल्मेटचा पट्टा तुटला, दोन मिनिटांत पहिला चेंडू खेळायला तयार झाला नाही, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ‘टाइम्ड आउट’ होणारा तो पहिला ठरला. तिथे किती कटुता झाली! माझ्या मते त्याचं एक कारण असं की हा नियम समोरच्या संघाने अपील केल्याशिवाय लागू होत नाही. शाकिबने अपील केलं म्हणून राग शाकिबवर. खेळभावना वगैरे सगळं निघालं. बेसबॉलच्या घड्याळात अपील नाही. अंपायर स्वतःहून देतो, दोन्ही संघांना सारखंच देतो, आणि आकडा सगळ्यांना दिसत असतो. राग यायचाच तर घड्याळावर येतो. नियमाची रचना करताना ही गोष्ट फार छोटी वाटते, पण सगळा फरक तिथे पडतो.

याची किंमत कोण देतंय?

सगळं गोड गोड नाहीये. एप्रिल २०२४ मध्ये काही मोठे पिचर एकापाठोपाठ कोपराच्या दुखापतीने बाहेर गेले. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख टोनी क्लार्क यांनी जाहीर निवेदन काढलं की खेळाडूंचा एकमुखी विरोध असताना घड्याळ आणखी कमी केलं, १८ सेकंदांवर आणलं, आणि विश्रांतीचा वेळ घटल्याची काळजी आहे. लीगने उत्तर दिलं की घड्याळामुळे दुखापती वाढल्याचा पुरावा नाही, खरं कारण अनेक वर्षं वाढत चाललेला वेग आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकण्याची पद्धत. २०२४ च्या शेवटी लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही भर यावरच होता.

मला दोन्ही बाजू ऐकाव्याशा वाटतात. दुखापती घड्याळाच्या आधीपासून वाढत होत्या, हे खरंच. पण ज्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया होते त्याचा एक-दीड हंगाम जातो, आणि ‘आमच्याकडे पुरावा नाही’ हे वाक्य नियम करणाऱ्याने म्हणणं आणि बॉल टाकणाऱ्याने ऐकणं यात अंतर आहे. सेकंद कमी करताना ज्याचा हात पणाला लागलाय त्याचं म्हणणं मोजायलाच हवं.

प्रेक्षकांच्या बाजूने मात्र निकाल स्पष्ट आहे. नऊ इनिंगचे साडेतीन तास किंवा त्याहून लांबलेले सामने २०२१ मध्ये जवळपास ३९० होते. २०२३ मध्ये फक्त ९. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलाला घेऊन संध्याकाळी सामन्याला गेलेल्या आईबापांसाठी हा आकडा फार मोठा आहे. एक गंमत म्हणजे सामने लवकर संपायला लागल्यावर मिलवॉकी ब्रूअर्ससारख्या काही संघांनी बिअरची विक्री सातव्याऐवजी आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. वेळ वाचला तर कुणाचं तरी दुकान लवकर बंद होतं, हे पण आहेच.

शेवटचं

२०२३ च्या सुरुवातीला जितकी उल्लंघनं व्हायची त्यापेक्षा हंगाम पुढे सरकला तशी ती बरीच कमी झाली. अनेक सामन्यांत एकही नाही. म्हणजे अंपायरला शिक्षा द्यावीच लागत नव्हती. मला वाटतं चांगल्या नियमाची परीक्षा हीच. किती जणांना पकडलं यावरून नाही, पकडायची वेळ किती कमी आली यावरून.

आणि तरी अंपायर लागतोच. मोजायला नाही, मोजणं भिंतीने घेतलं. तो लागतो कधी मोजणं थांबवायचं हे ठरवायला. कॅचरला पॅड चढवू द्यायला, शर्झरसारख्याला आवरायला, गरज पडली तर स्वच्छ प्लेट झाडायला. पुढच्या वेळी बेसबॉलची एखादी क्लिप समोर आली तर बॉलकडे बघू नका. दोन पिचच्या मध्ये मागे वाकून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघा. अर्धा तास त्याच्याच मेहनतीतून वाचलाय.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर नक्की पाठवा, विशेषतः कुणी अमेरिकेत प्रत्यक्ष मैदानात बसून हा फरक अनुभवला असेल तर मला ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.